आधी काका, मग शेवंती

कुत्र्यांच्या पार्लरमधल्या टेबलावर सत्तरीचा गृहस्थ मांडी घालून बसलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. ते आमचे पाटणकर काका. समोरच्या मुलीला शांतपणे सांगत होते, "हं, आता ड्रायर लावा. माझ्या डोक्याला. लाजताय काय? केस कमी आहेत, लवकर वाळतील."

त्यांची कुत्री शेवंती माझ्या कडेवरून हा सोहळा बघत होती.

काका म्हणजे सदाशिव पेठेतले माझे घरमालक. मी मूळची अकोल्याची, हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. काका बॉयलर तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. "म्हणजे आपण दोघं एकाच धंद्यातले," असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. घरात काहीही आलं की "तपासल्याशिवाय शिक्का नाही!" दूधवाल्याच्या किटलीत नाक घालणार, आंब्याच्या पेटीत हात घालणार. माझ्या आईने पाठवलेल्या ठेच्याचाही त्यांनी चमचाभर नमुना मागितला होता. त्यानंतर तासभर घरात फार शांतता होती.

शेवंती पांढरी, झुबकेदार पॉमेरियन. आता म्हातारी झालेली. त्या उन्हाळ्यात तिच्या कानामागे आणि पोटाखाली केसांच्या घट्ट गाठी झाल्या. डॉक्टर म्हणाले, "खाली कातडी लाल झालीय. लवकर केस उतरवून घ्या, नाहीतर जखमा होतील. या वयात तिला भूल देऊन ते करायची वेळ आणू नका." काकांनी घरी कात्री हातात घेतली, पण तिच्या कातडीला लागेल म्हणून लगेच खाली ठेवली. मग मोरीत आंघोळ घालून गाठी सुटतात का बघितलं. शेवंती कोरडी राहिली, आम्ही दोघं चिंब भिजलो.

मग माझ्या स्कूटरवरून आमची मोहीम निघाली. पुण्यात तेव्हा कुत्र्यांच्या पार्लरचं नुकतंच पेव फुटलं होतं आणि मला तर भारी मजा येत होती. कोथरूडचं पार्लर ड्रायरवर नापास झालं. "माझा कान भाजला. तिचं काय होईल?" औंधला एसी होता, मंद संगीत होतं, काचेच्या बरण्या होत्या. काकांनी शॅम्पू हुंगून विचारलं, "हा स्ट्रॉबेरीचा वास कुत्र्याला हवाय की मालकाला?" त्या बाईंनी खास पॅकेज समजावून सांगायला घेतलं तर म्हणाले, "मॅडम, तिचं लग्न नाही करायचंय, केस कापायचेत." मी बाहेर जाऊन पोट धरून हसले.

मग दारात येऊन कुत्र्यांचे केस कापून देणारी गाडी बोलावली. काका आत शिरले, दार लावून घेतलं, जनरेटर चालू करायला लावला आणि दोन मिनिटांत कानात बोटं घालून बाहेर आले. "आत माणूस ओरडला तरी बाहेर पत्ता लागणार नाही."

"काऊन हो काका, बॉयलर आहे का ती?" मी वैतागले.

"बॉयलरला शिट्टी असते. हिला नाही."

शेवटी नारायण पेठेत लीना नावाच्या मुलीचं तळमजल्यावरचं छोटं पार्लर सापडलं. पिंजरा नाही, आवाज नाही, टेबलावर रबराची चटई. काका चढले, ड्रायर घेतला, डोळे मिटले आणि चक्क "वा" म्हणाले. बाप्पा, मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

लीना म्हणाली, "आता तुम्ही जाऊन या. मालक समोर असला की कुत्री वळवळतात. तासाभराने घेऊन जा."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी शेवंतीला उचललं आणि सरळ पायरी उतरले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "काका, पुरे झालं. तिची कातडी सोलवटलीय. इथे काय वाईट आहे?"

ते शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "वडिलांनी मला पुण्याला वसतिगृहात आणलं ना, तेव्हा म्हणाले, तू आत जा, मी एवढ्यात आलो. मी फाटकाशी उभा राहिलो. जेवणाची घंटा झाली तरी हललो नाही. ते दिवाळीला आले. वाईट नव्हते गं. त्यांना सांगवलं नसेल."

दारात लीना उभी होती. ती म्हणाली, "काका, बाहेर खिडकीशी थांबा. तिला दिसाल. पण हाक मारायची नाही."

शेवंती टेबलावर उभी राहिली. थरथरत होती, पण नजर खिडकीवर होती. एकेक गाठ खाली पडू लागली. बाहेर भररस्त्यात काका उभे. एक स्कूटरवाला म्हणाला, "आजोबा, रस्ता विकत घेतलाय का?" एरवी त्याला घरापर्यंत पुरेल एवढं उत्तर मिळालं असतं. काकांनी मानही वळवली नाही.

मी शेजारच्या दुकानातून खुर्ची मागून आणली. "काका, बसा. पाय भरून येतील."

"नको गं," खिडकीवरची नजर न काढता ते म्हणाले. "खिडकी उंच आहे. बसलो तर तिला दिसणार नाही मी."