उदानंतर बैठक नाही

खल्फानच्या दिवाणखान्याच्या छतावर बसवलेलं निवासी धूम्रसूचक उपकरण एका रविवारी सकाळी ‘टिक्’ असं म्हणालं. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणालं. खल्फानची हयात बंदरातल्या जकात कचेरीत गेलेली. तेच तेच पुन्हा म्हणणारी वस्तू सरकारी असते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

“आतला सेल उतरलाय,” त्याची बायको मौझा म्हणाली. “स्टुलावर चढा, नवा घाला. मिटलं.”

“अगं, घर आपलं, छत आपलं, पैसेही आपणच भरलेत. पण यंत्र धूम्रसुरक्षा खात्याचं. त्याच्या पोटाला हात लावायचा अधिकार खात्याचा.”

“मग खात्याला सांगा, गुरुवारी मैथाला मागणी घालायला माणसं येणारेत. त्यांच्या डोक्यावर हे टिकटिकलं तर म्हणतील, सासरच्यांआधी माहेरचं छतच टोमणे मारतंय.”

मैथा ही त्यांची एकुलती एक. आलेल्या प्रत्येक स्थळाला तिने आजवर नाक मुरडलं होतं. या सुहैलचं नाव निघालं की मात्र ती चहात साखर दोनदा घालायची. त्यामुळे हे लग्न जमणं घराच्या दृष्टीने निकडीचं होतं. अडचण एवढीच, की सुहैलचा बाप अबू सुहैल उदाचा मोठा पारखी. धूर नाकाशी नेला की लाकूड कुठल्या जंगलातलं, हे डोळे मिटून सांगायचा, आणि त्याचं खरं की खोटं ते बघायला जंगलात जाण्याची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

खात्याने गानिम नावाचा निरीक्षक पाठवला. पोरगा सालस होता. त्याने सेल बदलला, यंत्राला नमस्कार केल्यासारखं करून खाली उतरला, कॉफी प्याला, खजूर खाल्ले. मग मौझाने आतून धुपाटणं पाठवलं. पाहुणा निघताना निखाऱ्यावर ऊद घालून धुपाटणं फिरवायचं, त्याने तो धूर दाढीला, कपड्यांना घ्यायचा आणि उठायचं. उदानंतर बैठक नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ऊद फिरायच्या आत उठणं म्हणजे यजमानाचं नाक कापणं, हेही ठाऊक.

गानिमने धूर दाढीला लावला मात्र, छतावरचं यंत्र ठणाणा करू लागलं.

“काका, अभिनंदन,” आवाज थांबल्यावर गानिम म्हणाला. “यंत्र उत्तम चालतंय. त्यामुळे तुमच्या घराला आग लागलेली आहे.”

“कुठंय आग?”

“मला दिसत नाही. पण यंत्राला दिसली, आणि त्याने परस्पर खात्याला कळवलंय. खात्यात यंत्र मला सीनियर आहे.”

दुसऱ्या दिवशी आगीची चौकशी करायला समिती आली. समिती झाली म्हणून काय, पाहुणेच ते. कॉफी झाली, खजूर झाले, आणि ऊद फिरवल्याशिवाय त्यांना घालवायचं कसं? फिरवला. दुसरी आग लागली. पहिल्या आगीची चौकशी करणारे दुसऱ्या आगीचे साक्षीदार झाले, म्हणून त्यांची चौकशी करायला वरचे साहेब आले. साहेब मोठे, म्हणून उदाचा तुकडाही मोठा. बुधवारपर्यंत खल्फानचं घर खात्याच्या दप्तरी गावातलं सर्वांत ज्वलनशील घर ठरलं होतं, आणि घरातली चादरसुद्धा पिवळी पडली नव्हती.

हुकूम निघाला. प्रमाणपत्र मिळेपर्यंत या घरात धूर काढायचा नाही. प्रमाणपत्र कधी? निरीक्षकासमोर गुरुवारभर यंत्र एकदाही वाजलं नाही तर. देखरेखीला गानिमला दिवाणखान्यात बसवण्यात आलं.

“अरे, पण गुरुवारी व्याही येतायत,” खल्फान काकुळतीला आला. “ऊद नाही फिरवला तर ते जाणार कसे?”

“त्याबद्दल नियमात काही नाही, काका.”

व्याही सुहैलला घेऊन दुपारच्या नमाजानंतर आले. पुरुष दिवाणखान्यात, बायका आत. कॉफी झाली. अबू सुहैलने कप हलवून ‘पुरे’ अशी खूण केली आणि दाराकडे पाहिलं. दारातून कोणी आलं नाही. उंटांचे भाव झाले, मासळीचे भाव झाले, दोन्हीकडच्या गुडघेदुख्या झाल्या. गव्हा-मांसाचा हरीस वाढला, तोही संपला. पाहुणे हलेनात, म्हणून मौझाने हरीसचं दुसरं पातेलं चढवलं. एवढ्यात टायमरने एसी बंद झाला, त्याच्या रिमोटनेही मान टाकली आणि सगळी मंडळी निथळायला लागली. गानिमही निथळत होता. तोही पाहुणाच, त्यालाही उठता येईना, आणि त्याच्या बायकोचा सारखा फोन.

शेवटी अबू सुहैल खाकरला. “खल्फान, आम्ही साधी माणसं. पण मुलगी द्यायच्या घरी ऊद निघत नाही, म्हणजे एक तर कंजुषी, नाही तर आम्ही इथंच राहायला यावं अशी इच्छा. आपल्याला दोन्ही झेपणार नाही.”

दाराआड कपात साखर ढवळल्याचा आवाज येत होता, तो थांबला.  खल्फानने गानिमकडे पाहिलं. एवढं केविलवाणं त्याने जकात कचेरीत साहेबाकडेही बघितलं नव्हतं.

गानिम उठला. “काका, हुकूम म्हणतो, यंत्र वाजता कामा नये. ते वाजणार नाही अशी व्यवस्था करणं माझं कर्तव्यच आहे.” स्टुलावर चढून त्याने सेल काढला. हातात घेऊन करायचं काय, म्हणून एसीच्या रिमोटात घातला. गार वारा आला. खात्याच्या एका सेलने इतकी लोकसेवा त्याआधी केली नव्हती.

“मौझा, ऊद आण,” खल्फान ओरडला. आत बायकांनाही हायसं झालं. स्वयंपाकघरातल्यासुद्धा सगळ्याजणी धुपाटण्याभोवती जमल्या.

बाहेर पुरुषांत दुसरं फिरलं, धूर पसरला. मग आणखी पसरला. अबू सुहैलने डोळे मिटले.

“जुना आहे,” तो म्हणाला. “पावसाळी जंगल. उताराची बाजू.” त्याने पुन्हा छाती भरून घेतली. “आणि काय सांगू, गव्हासारखा गोडवा.”

“गव्हासारखाच,” त्याचा मेहुणा म्हणाला.

“थोडा मांसल,” धाकटा भाऊ म्हणाला. आपण काही बोललो नाही तर आपल्याला कळत नाही असं होईल, ही त्याला भीती.

खल्फानला वास कळला होता. तीस वर्षांच्या संसारात मौझाने किती वेळा हरीस लावला, याचा हिशोब त्याच्या नाकाकडे होता. पण मुलीचं लग्न जमत आलेलं, पारख्याचे डोळे मिटलेले. अशा वेळी ‘पातेलं करपतंय’ म्हणायचं कसं? “घरचाच आहे,” तो म्हणाला.

“असला ऊद असताना उठतो कोण?” म्हणत अबू सुहैलने मांडी ठोकली. उदानंतर बैठक सुरू झाली, असं गावात प्रथमच घडलं. धुरात समोरचा दिसेनासा झाला, तरी सगळे वा वा करत होते.

“अहो, स्वयंपाकघर पेटलंय,” आतून मौझाची किंकाळी आली.

गानिमने सवयीने वर पाहिलं. “शक्य नाही. यंत्र काहीच म्हणालेलं नाही.”

मैथाने ओला गालिचा ओढत नेला, सुहैलने दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून आग विझवली. माणसांना काही झालं नाही. स्वयंपाकघर मात्र कोळसा झालं. पातेलंही गेलं, हरीसही गेला, आणि खल्फान अंगणात खरोखरच हाती धुपाटणं घेऊन उभा राहिला.

अबू सुहैलने खोकत खोकत त्याचा खांदा थोपटला. “मुलगी पसंत. पण लग्नात हाच ऊद लागेल, सांगून ठेवतो.”

शनिवारी खात्याचा अहवाल आला. निरीक्षणाच्या काळात उपकरण एकदाही वाजलं नाही. सबब गुरुवारी आग लागलेली नाही, आणि घर सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. ते नियमाप्रमाणे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावायचं होतं. भिंत काळी असल्याने त्याची पांढरी चौकट छान उठून दिसली. सेल अजून रिमोटातच आहे. उन्हाळा आहे, कोण काढतो.

तुम्ही हसताय, हसा. असली माणसं तिकडेच असतात, असंही म्हणा. तेवढं मघाशी ‘एवढं वाचून होऊ दे’ म्हणून गॅसवर दूध ठेवलंत, ते बघून या. वास केव्हाचा येतोय, आणि तुम्हाला वाटतंय तो गोष्टीतला आहे.