गरम वाऱ्याचे वाटेकरी

मितेशची बायको भाविनी गेल्या मे महिन्यात डहाणूला सासरी आली आणि दुसऱ्याच दिवशी अंगभर घामोळं घेऊन वापीच्या फ्लॅटवर परत गेली. भांडण नाही, रुसवा नाही, नुसता उकाडा. पण तिच्या सासूबाईंच्या, शांतीबाईंच्या, ते मनाला फार लागलं. सूनच इथे रमली नाही तर उद्या नातवंडं कशी रमणार, असं म्हणत त्यांनी यंदा घर गार करायचा विडा उचलला.

त्यांचे यजमान नारूभाऊ तांडेल यांच्या मते कूलर पुरेसा होता. उभा जन्म बोटीवर गेल्यामुळे नारूभाऊंना वाऱ्यातलं आपल्याला सगळं कळतं असं वाटे. चारोटीच्या मेहुण्याचा कूलर त्यांनी उसना आणला. तिकडच्या कोरड्या हवेत तो बरा चालायचा. इथे समुद्रकाठी त्याने आधीच ओल्या हवेत आणखी पाणी फेकलं. पापड मऊ पडले, उशा दमट झाल्या आणि मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. नारूभाऊंनी कूलर परत केला, पण आपलं चुकलं असं काही म्हटलं नाही. मेहुण्याने मुद्दाम बिघडलेला दिला, असं ते अजूनही सांगतात.

मग बाजारात जाऊन एसी बघणं आलं. दुकानदार म्हणाला, "काका, हा घ्या ने. ह्यात गार पण आहे, गरम पण आहे."

डहाणूत गरम कशाला हवं, असं शांतीबाईंनी हळूच विचारून पाहिलं. पण एका डब्यात दोन वस्तू मिळत असताना एक सोडून यायची, हे नारूभाऊंच्या रक्तातच नव्हतं.

आतला भाग निमूट भिंतीवर बसला. बाहेरचा पंख्याचा डबा मात्र कुठे लावायचा यावर गल्लीत सभाच भरली. शेवटी तो शेजारच्या बायजीच्या अंगणाकडे तोंड करून बसला. बायजी सुकी मासळी विकायची आणि तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. एसी सुरू झाला तसा सगळा गरम वारा तिच्या अंगावर.

"तुमी आत गार व्हायचं आन् मी हितं भाजायचं काय? डबा हलवा."

डब्याला दुसरी जागाच नव्हती. डबा हलवला तर एसी गेला, आणि एसी गेला तर सून गेली. शांतीबाईंनी दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. मासेमारीची बंदी लागायच्या आधीचा शेवटचा माल, अंगणात मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांडीवर टांगलेले ओले बोंबील, आणि उन्हाचा पत्ता नाही. संध्याकाळी बायजीने हात लावून पाहिला, तर डब्यासमोरचे तेवढे बोंबील खडखडीत वाळले होते. तिने गुपचूप सगळी वलांडीच डब्यासमोर ओढली. मग गल्लीतल्या कमळी आणि धाकलीनेही आपापल्या दोऱ्या तिथेच बांधल्या.

आता तक्रार उलटी सुरू झाली. खोली गार झाली की बाहेरचा पंखा थांबायचा, आणि तो थांबला की बायजी दार वाजवायची. म्हणून एसी सोळावर ठेवायचं ठरलं. डबा हलवायचा विषय पुन्हा निघू नये म्हणून शांतीबाई कबूल झाल्या. भर मे महिन्यात नवराबायको कानाला टॉवेल बांधून गोधडीत बसू लागले.

असह्य झालं तेव्हा नारूभाऊंना आठवलं की आपण गरमचेही पैसे दिले आहेत. त्यांनी बटण दाबलं. खोली छान ऊबदार झाली आणि बाहेरचा डबा बोंबलांवर गार वारा सोडू लागला. तिघी बायका दारात उभ्या राहिल्या.

"नारूदादा, रिमोट हिकडं दे," बायजी म्हणाली. त्या दिवसापासून रिमोट तिच्या कमरेला.

अशात मितेशबरोबर भाविनी आली. शांतीबाईंनी अभिमानाने खोलीचं दार उघडलं. सून खूश झाली, पण थोड्याच वेळात तिचे दात वाजू लागले.

"आई, जरा कमी करू ने?"

रिमोट शेजारणीकडे आहे, हे सुनेला सांगायची शांतीबाईंना लाज वाटली. त्या नुसत्या गोधडी शोधत राहिल्या. भाविनी ओढणी गुंडाळून ऊब घ्यायला बाहेर गेली. बायजीने तिला डब्याजवळ पाट दिला आणि बसलीच आहेस तर हात चालव म्हणून ओले बोंबीलही दिले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर कशी टाकायची, ते तिला तासाभरात जमलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या भानगडीही तिला पाठ झाल्या.

दोन दिवसांनी मितेशने बॅग भरली. गेल्या वर्षीसारखीच शांतीबाईंनी डोळ्यांना पदर लावायची तयारी केली.

"तुम्ही जा पुढे," भाविनी पाटावरून न उठता म्हणाली. "माझी दोरी अजून ओली आहे. मी रविवारनंतर बघते."

शांतीबाईंनी पदर डोळ्यांना लावलाच, पण आनंदाने. नारूभाऊंनी आत डोकावून पाहिलं. खोली बर्फासारखी गार होती आणि आत चिटपाखरू नव्हतं. आता तरी एसी बंद करू का, असं त्यांनी बाहेर येऊन विचारलं, तर सगळ्या बायका एकदम नको म्हणाल्या. त्यात सगळ्यात मोठा आवाज सुनेचा होता.