चॅनेलची घासाघीस

सुजीतची एक खोड भागीरथाबाईंच्या डोक्यात जायची. ऑफिसातलं अवाक्षर म्हणून घरात काढायचा नाही. बहरीनच्या सीफ भागातल्या त्या काचेच्या इमारतीत, डिशवाल्या कंपनीत दिवसभर काय करतोस, असं विचारलं की म्हणायचा, "काम." भाजी कशी झालीय विचारलं तर, "ठीक." त्याचे वडील निदान भांडायचे तरी!

त्यामुळे एका संध्याकाळी मराठी चॅनेलच्या जागी काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीच्या दोन ओळी आल्या, तेव्हा बाईंना कसलाच सुगावा नव्हता. त्यांनी आधी रिमोट आपटला, मग त्याचे सेल फिरवून बघितले, मग सुनेला हाक मारली.

लीनाने वाचलं. "आई, चॅनेलवाले फार पैसे मागतायत, म्हणून कंपनीने चॅनेल बंद केलंय. तक्रार असेल तर फोन करा म्हणतायत."

"कंची कंपनी?"

लीना टीव्हीवरची धूळ पुसायला लागली.

"लीने, कंची कंपनी?"

"ह्यांचीच."

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शुक्रवारी त्यांची कराडची लेक भावना स्वयंपाकाच्या स्पर्धेत टीव्हीवर दिसणार होती. बाईंनी अख्ख्या बिल्डिंगला आवतण दिलं होतं. वरच्या मजल्यावरच्या केरळी बाईलासुद्धा, जिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं. भज्यांचं बेसनही येऊन पडलं होतं.

सुजीत घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच तोफ सुटली. "सख्ख्या बहिणीचा कार्यक्रम, आन् तू चॅनेल बंद करतोस व्हय रं?"

"आई, मी कुठं बंद केलंय? दराची बोलणी चालू आहेत. आम्ही त्यांना म्हणतोय, इकडं तुमचं चॅनेल कोणी बघत नाही, दर उतरवा. शुक्रवारच्या आत ऐकतील. तू फक्त शांत बस."

भागीरथाबाईंना शांत बस म्हणणारा माणूस अजून सुखाने जगला नव्हता.

"कोण बघत न्हाई? थांब, दाखवते."

सकाळीच त्यांनी शेजारच्या निवेदिताला कामाला लावलं, आणि निवेदिताने महिला मंडळाला. दुपारपर्यंत मनामातल्या समस्त मराठी बायका कंपनीला फोन लावत होत्या. तिथली मुलं अरबी, इंग्रजी, हिंदी जाणणारी. मराठी कानावर पडलं की ती घाबरून फोन मजल्यावरच्या एकुलत्या एका मराठी माणसाकडे ढकलायची.

"हॅलो, तुमच्यात मुकादम कोण हाय, त्याला द्या."

"आई, मी सुजीत बोलतोय."

"तू ठेव. मला सायब पायजे."

त्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा सुजीत दारातच ऑफिसचं बोलायला लागला.

"खलास! सगळं खलास! आई, तुम्ही बायकांनी चॅनेलवाल्यांनाही फोन केलेत?"

"केले की. भांडण दोघांचं, मग एकालाच का बोलायचं?"

"त्यांनी दर वाढवलाय! म्हणतात, बहरीनमधल्या बायकांचा आमच्यावाचून जीव चाललाय. आणि आमचे वरचे हमीदसाहेब मला विचारतायत, ही भागीरथा कोण?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, ओळखत नाही."

"आईला ओळखत न्हाई! शाब्बास!"

पण त्या रात्रीच्या भाकरी थापताना बाईंचा हात मध्येच थांबला. बाब अल बहरीनच्या बाजारात लीना नेहमी कापड छातीशी धरायची, "किती गोड!" म्हणायची आणि मग भाव विचारायची. बाई तिला दर वेळी दुकानातच झापायच्या. आज आपणही तेच करून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं. कुणाजवळ कबूल करायचा प्रश्नच नव्हता. आता उपाय एकच. कापड टाकायचं आणि पायरी उतरून चालायला लागायचं.

दुसऱ्या दिवशी बायकांचे फोन फक्त चॅनेलवाल्यांना गेले.

"कालचं इसरा," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांत लई बरं वाटाय लागलंय. डोळ्यांची आग थांबली, सुना दोन शब्द बोलाय लागल्या. चालू करू नका, बाबांनो."

निवेदिता तर सांगून मोकळी झाली की ती आता मल्याळी मालिका बघते आणि तिला सगळं कळतं. एकीने भजनी मंडळ काढल्याची थाप मारली.

गुरुवारी चॅनेलवाले जुन्या भावाच्याही खाली आले.

शुक्रवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भज्यांची ताटं फिरत होती. सुजीत दारात उभा राहून प्रत्येकीला, कुणी न विचारता, बोलणी कशी झाली ते रंगवून सांगत होता. एवढ्यात भावना दिसली. हिरवी साडी, समोर भरल्या वांग्यांची थाळी. परीक्षकांनी घास घेतला, डोळे मिटले.

"वा! हा हात कुणाचा, ताई? शिकलात कुणाकडून?"

भागीरथाबाईंनी पदर सारखा केला.

"सासूबाईंकडून!" भावना लाजून म्हणाली. "माहेरी मला कुणी काही शिकवलंच नाही. नुसता चहा करता यायचा, तोही पांचट."

खोलीत भजी चावण्याचा आवाज तेवढा राहिला. केरळी बाईने काय झालं म्हणून निवेदिताला ढोसलं. निवेदिताने तिच्या ताटात आणखी दोन भजी वाढली. सुजीत घाईघाईने रिमोट शोधायला लागला.

बाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "सुज्या, जन्मात एकदा शहाण्यासारखं वागला होतास, आन् त्येबी तुला निभावता आलं न्हाई. रविवारी हापिस उघडल्या उघडल्या बंद कर त्ये चॅनेल!"