पाचशेवी सही

ज्या देशात राजाची खुर्ची कधी रिकामी होत नाही, तिथे भांडायला खालच्या खुर्च्याच उरतात. लेसोथोत या भांडणाची रीत ठरलेली आहे: हरणाऱ्याने पक्ष काढायचा.

सेखोबे रामाबेले पक्षाच्या उपाध्यक्षपदाची निवडणूक अकरा मतांनी हरले, तेव्हा त्यांना तत्त्वांची आठवण झाली. (जिंकले असते तर तत्त्वांना आणखी तीन वर्षं थांबावं लागलं असतं.) मंत्रिपद त्याच संध्याकाळी गेलं. पंतप्रधानांनी मात्र मोठ्या मनाने, नावाआधी अदबीचं 'न्ताते' लावून सांगितलं, "न्ताते सेखोबे, सोमवारी राजेसाहेब संसद उघडतील. त्याआधी पक्ष नोंदवून या, मित्रपक्ष म्हणून खातं परत देतो."

पक्षाच्या नावात बासोथो, लोकशाही, राष्ट्रीय आणि काँग्रेस हे चार शब्द घालण्याची प्रथा आहे. चोवीस क्रमांपैकी एकोणीस आधीच्या फुटिरांनी वापरले होते. उरलेल्यांतून एक चिठ्ठी टाकून निवडला. जाहीरनामा जुन्या पक्षाचाच घेतला. वापरलेला नसल्याने तो नव्यासारखा होता. पक्षाने सभासदांना वाटायच्या कांबळ्यांचा रंग जांभळा ठरला, म्हणजे विचारसरणीचाही प्रश्न मिटला.

सह्या पाचशे लागतात. शुक्रवारी सकाळी चारशे नव्याण्णव होत्या आणि राजधानीतली नोंदणी कचेरी चारला बंद होणार होती. सेखोबे गाडी काढून डोंगरातल्या आपल्या गावी गेले. तिथे आत्याने सही केल्याशिवाय कोणी करत नाही.

आत्या, म्हणजे सगळ्या गावाची आई, म्मे मामोकेते, दारात मका सोलत होत्या.

"मागच्या पक्षाला केली, त्याच्या आधीच्यालाही केली. कांबळी दोन झाली, पोरा. खांदेही दोनच आहेत."

"हा पक्ष वेगळा आहे, आत्या."

"यात फुटलंय कोण?"

"मीच."

"मग वेगळा कसा?"

"या वेळी नदीवर पूल होईल."

"तो झालाय ना? उद्घाटनाला मेंढरू कापलं होतंस."

"ते पायाभरणीचं होतं."

"चविष्ट होतं," आत्या म्हणाल्या. "बरं, करते सही. मला उपाध्यक्ष कर."

आजवरच्या एकोणीस फुटींपैकी एकोणीस उपाध्यक्षांनी घडवल्या होत्या; दोन तर सेखोबेंनी स्वतःच. म्हणून नव्या घटनेत ते पदच ठेवलं नव्हतं.

"ते पद नाहीये आपल्याकडे."

"मग सहीसुद्धा नाहीये."

एक वाजला होता. राजधानी मासेरू अडीच तासांवर. सेखोबेंनी गाडीच्या टपावर कागद पसरून घटनादुरुस्ती केली. आत्यांनी सही ठोकली आणि विचारलं, "अध्यक्ष निवडायचं अधिवेशन दर किती वर्षांनी असतं रे?"

चारला दहा कमी असताना पक्ष नोंदला गेला. सोमवारी राजेसाहेबांनी सरकारचं भाषण वाचलं आणि जांभळं कांबळं पांघरून सेखोबे आपल्या जुन्याच खुर्चीत बसले.

पुढच्या निवडणुकीत गावाने सेखोबेंना एक्क्याण्णव टक्के मतं दिली. ते कोणत्या पक्षातर्फे उभे होते, हे मात्र कोणाला सांगता येईना. या अडाणीपणाला वाचकांनी खुशाल हसावं. फक्त त्याआधी, वर्तमानपत्र न उघडता, आपला आमदार आज सकाळी कोणत्या पक्षात उठला तेवढं सांगावं.