आधी खुर्ची, मग आइस्क्रीम

"अहो, तपासणीचे साहेब गुरुवारी नाही, आज येतायत. दहाला!" मोठ्या बाई धापा टाकत वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

बाईंच्या हातातला खडू तिथेच थांबला. "आज? अहो, पण आज फळ्यावर साहेब नाहीयेत!"

दुसऱ्या कुठल्या मुख्याध्यापिकेने हे ऐकून बाईंना घरी जाऊन पडायला सांगितलं असतं. पण मोठ्या बाईंना हा वर्ग चांगलाच ठाऊक होता. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "मग चढवा की लवकर फळ्यावर," एवढंच म्हणाल्या आणि साहेबांसाठी बरी खुर्ची शोधायला पळाल्या.

शाळेच्या व्हरांड्याच्या अगदी टोकाला, मोडक्या बाकांच्या खोलीला लागून हा वर्ग होता. मुलं सात, आणि सातांच्या सात तऱ्हा. टोपणनावंही त्या तऱ्हांवरूनच पडलेली. भिंगरीला बसलं की ऐकू येत नसे. उभा राहिला, दोन फेऱ्या मारल्या, की पाढे धडाधडा म्हणायचा. वकिलाला अंगाला हात लावलेला चालत नसे, आणि वर्गातला प्रत्येक नियम त्याला तोंडपाठ होता. चिमणी परक्या माणसासमोर एक शब्द बोलायची नाही. जे काय सांगायचं ते बाईंच्या कानात. आणि घड्याळताई. वय वर्षं आठ. पुढे काय होणार हे आधी कळलं नाही, तर ही पोर सरळ उंबरठ्यावर आडवी व्हायची. मागच्या महिन्यात न सांगता पंखा दुरुस्त करणारा आला होता. त्याने सगळी दुरुस्ती हिला ओलांडून ओलांडून केली.

बाईंनी मुलांच्या मनाचा रीतसर अभ्यास केला होता. जाडजाड पुस्तकं वाचली होती, परीक्षा दिल्या होत्या, आणि त्या सगळ्याचा अर्क काढून तीन नियम भिंतीवर लावले होते. पुढे काय होणार ते आधी सांगायचं. मोठं काम छोटे छोटे तुकडे करून द्यायचं. घाबरलेल्याला रागवायचं नाही. पहिला नियम पाळायला फळ्याच्या कडेला चित्रांची रांग असायची. बूट, गाणं, वाचन, डबा, खेळ, घर. एक काम झालं की घड्याळताई ते चित्र उतरवायची. काम झाल्याशिवाय चित्र उतरवायचं नाही, हासुद्धा बाईंचाच नियम.

आणि हा वर्ग राहणार की जाणार, हे आज साहेब ठरवणार होते. "सात मुलांना एक अख्खी खोली कशाला?" असं वरून पत्र आलं होतं. साहेबांचा अहवाल वाईट गेला, तर सातही जण पन्नास-पन्नासच्या वर्गांत वाटले जाणार होते. पन्नासांत भिंगरीला फेऱ्या मारू कोण देणार? चिमणी कुणाच्या कानात बोलणार? दोन वर्षं बाईंनी जीव ओतला होता हो या पोरांत.

पण आत्ता त्या काळजीला वेळ नव्हता, चित्र हवं होतं. स्वतः काढण्यात अर्थ नव्हता. बाईंनी एकदा काढलेली गाय वर्गाने एकमताने टेबल ठरवली होती. त्यांनी जुन्या चित्रांचा डबा जमिनीवर पालथा केला. त्यात एक हसरा माणूस सापडला. अंगात कोट, हातात बॅग. झकास! वाचन आणि डब्याच्या मध्ये बाईंनी तो चिकटवून टाकला.

घड्याळताई आली, तिने चित्र पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हे आज?"

"हो गं, आजच."

"सगळ्यांना बघणार?"

"हो, एकेकाला बघतील. घाबरायचं नाही हं!"

घड्याळताईने ओठ घट्ट मिटले आणि जागेवर जाऊन बसली. आडवी नाही, रडारड नाही. पोरीने किती शहाण्यासारखं घेतलं, म्हणून बाईंना अगदी भरून आलं.

साहेब दहाच्या ठोक्याला आले. अंगात कोट, हातात बॅग, आणि डावा हात गालावर. गालाला हात लावून चालणारा माणूस विचारी असणार, असं बाईंना वाटलं. त्यांनी खूण केली आणि सातही मुलं उभी राहिली.

"बसा, बसा," साहेब अर्ध्याच तोंडाने म्हणाले. "हं, नाव काय रे तुझं?"

भिंगरीने ओठ मिटले, दोन्ही हात तोंडावर दाबले आणि तो टेबलाखाली गेला.

"असू दे. बाळ, तू सांग. आज काय वाचलंस?"

घड्याळताईने मान हलवली. तोंड बंद.

"कुणीतरी बोला की!" बाई हसत म्हणाल्या, पण हसू आता घामेजलं होतं. "अरे, रोज डोकं खाता की माझं! साहेब, खरंच सांगते, एरवी कान किटतात."

साहेबांनी फॉर्म काढायला बॅगेची चेन ओढली. त्या आवाजाबरोबर तीन मुलं पडद्यामागे गेली आणि चिमणी बाईंच्या पदरात शिरली. साहेबांनी सुस्कारा सोडला, गाल चोळला आणि फॉर्मवर लिहिलं. बाईंनी मान लांब करून वाचलं. 'विद्यार्थी घाबरलेले दिसतात. प्रतिसाद देत नाहीत.'

संपलं! दोन वर्षांची मेहनत दोन वाक्यांत गुंडाळली मेल्या कागदाने. बाईंचे डोळे भरून यायला लागले, तेवढ्यात वकिलाने पाटी वर केली. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझे दात मागच्या वेळी बघून झालेत. पुन्हा बघायचे तर आईची सही लागते.'

बाईंनी पाटी वाचली, फळ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कोट. बॅग. हसरा माणूस. गेल्या वर्षी शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरांसाठी लावलेलं चित्र! त्या दिवशी भिंगरी त्या डॉक्टरांच्या बोटाला चावला होता, ते वेगळंच.

आता चित्र उतरवावं, तर काम झालेलं नाही. घड्याळताईची नजर बाईंच्या हातावरच होती. नियमाबाहेर चित्र उतरलं असतं, तर ती उंबरठ्यावर गेली असती आणि साहेब संध्याकाळपर्यंत वर्गात अडकले असते. बाईंनी मनाचा हिय्या केला आणि साहेबांजवळ वाकल्या.

"साहेब, रागावू नका हं. दोनच मिनिटं... दातांचं जरा बघू या का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मटकन बसले, आणि बसले ते नेमके मुलांच्या बुटक्या खुर्चीत. गुडघे हनुवटीला टेकले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "आमच्या घरून फोन आला होता का?"

"कसला फोन?"

"म्हणजे दाढेचं... अहो बाई, तीन आठवडे झाले. रात्रंदिवस ठणकतेय. तीनदा दवाखान्यात गेलो आणि तिन्ही वेळा पायरीवरून परत आलो. आत त्या मशीनचा आवाज येतो ना, की पाय वळतातच मागे. बायको म्हणते, एवढा मोठा माणूस, लाज नाही वाटत? वाटते ना! लाजही वाटते आणि भीतीही."

टेबलाखालून भिंगरीचं डोकं बाहेर आलं. "अरे, हे डॉक्टर नाहीयेत! यांचाच दात दुखतोय!"

चिमणी सोडून सहाही तोंडं एकदम उघडली.

"कुठला दात?"

"दाखवा ना!"

"रडू आलं का तुम्हाला?"

"ए, गर्दी नको, त्यांना हात नका लावू," वकिलाने सगळ्यांना मागे सारलं. "काका, किती वेळ लागणार ते डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही बा."

"बघा! तिथेच चुकलं. पुढे काय होणार ते आधी सांगायचं असतं. भिंतीवर लिहिलंय."

मग बाईंना काही करावंच लागलं नाही. भिंगरीने आपला जिवापाड जपलेला मऊ चेंडू साहेबांच्या मुठीत कोंबला. "भीती वाटली की दाबायचा. फुटत नाही, मी बघितलंय." दोघांनी त्यांना उठवून कोपऱ्यातल्या चादरीच्या घरात नेलं. ज्याला सगळं नकोसं होतं, त्याने तिथे जाऊन बसायचं, आणि वाळूच्या बाटलीतली वाळू खाली पडेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. साहेब आत गेले, पण पाय काही मावेनात. दोन्ही पाय बाहेरच राहिले.

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांनी चादरीखालून आलेले पाय पाहिले, त्यातले पॉलिश केलेले बूट ओळखले आणि पेला डचमळला.

"अगंबाई! साहेबांना काय केलंत तुम्ही?"

घड्याळताईने तळहात पुढे केला. "शू! अजून वाळू आहे."

तीस वर्षं शाळा चालवलेल्या मोठ्या बाई पेला धरून वाळू संपेपर्यंत मुकाट उभ्या राहिल्या.

वाळू संपताच चिमणी बाईंच्या पदरातून सुटली. हळूहळू चादरीपाशी गेली, आत वाकली आणि साहेबांच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली. परक्या माणसाच्या कानात, पहिल्यांदा! काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. साहेब मात्र चादर बाजूला सारून ताठ बसले.

मग घड्याळताईने कागदाची लांब पट्टी आणली आणि सहा चौकटी आखल्या. पायरी चढायची. खुर्चीत बसायचं. चेंडू दाबायचा. तोंड उघडून दहा मोजायचे. तोंड मिटायचं. आइस्क्रीम खायचं.

"चौथ्या चौकटीला दुखलं तर?" साहेबांनी विचारलं. आता ते मांडी घालून पोरांतच बसले होते.

"हात वर करायचा. डॉक्टर थांबतात. आधी सांगून ठेवायचं फक्त."

"आणि सगळं झालं की?"

"प्रत्येक चौकटीत खूण करायची. सहाही झाल्या की तारा मिळतो."

"पण आइस्क्रीम खाल्ल्याचा पुरावा लागेल," वकील म्हणाला. "नुसत्या खुणा कुणीही करतं. भिंगरी करतो."

पट्टी आणि चेंडू खिशात घालून साहेब उठले, तेव्हा डब्याची वेळ झाली होती. घड्याळताईने हसरा माणूस फळ्यावरून उतरवला. दात बघून झाले होते, तक्रारीला जागा नव्हती. फॉर्म मात्र तसाच बॅगेत गेला. त्यावर तीच दोन वाक्यं होती आणि बाकीचा कागद कोरा.

पुढचे आठ दिवस बाईंचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. "अहो, खेळ झाला, गंमत झाली, पण अहवालाचं काय?" त्या नवऱ्याला सारख्या विचारत. नवरा म्हणे, "चांगला माणूस दिसतोय, चांगलंच लिहील." बाई म्हणत, "चांगली माणसंच विसरतात हो."

नवव्या दिवशी मोठ्या बाईंनी निरोप पाठवला. बाई गेल्या त्या घड्याळताईला घेऊनच, कारण त्या वेळी फळ्यावर 'बाईंबरोबर' असं चित्र होतं. टेबलावर फुगलेला सरकारी लिफाफा होता. मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'विषय: वर्ग तपासणीचा अहवाल. सदर अहवालाच्या पहिल्या ओळीत नजरचूक झाली आहे. त्या ओळीत विद्यार्थी या शब्दाऐवजी तपासणी अधिकारी असे वाचावे.'"

बाईंनी मनात वाचून पाहिलं. तपासणी अधिकारी घाबरलेले दिसतात. प्रतिसाद देत नाहीत. त्यांना हसू फुटलं.

"'एका विद्यार्थिनीने मला कानात सांगितले की, शाळेच्या पहिल्या दिवशी तीसुद्धा पायरीवरून परत गेली होती, आणि मग बाई पायरीवर येऊन बसल्या. अधिक काही तपासण्याची गरज वाटली नाही. वर्ग आहे त्या खोलीत, आहे त्या बाईंसह सुरू ठेवावा.'"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि खुशाल रडून घेतलं. घड्याळताईने दोघींकडे पाहिलं आणि लिफाफा उलटा केला. आतून भिंगरीचा चेंडू पडला. मग पट्टी पडली, सहाही चौकटींत खुणा केलेली. चौथीच्या कडेला बारीक अक्षरांत 'दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा थांबले' असं लिहिलेलं. आणि शेवटी आइस्क्रीमची एक काडी पडली, स्वच्छ धुतलेली.

"पत्रात शेवटची ओळ आहे अजून," मोठ्या बाई म्हणाल्या. "'पुरावा सोबत जोडला आहे. नियमानुसार तारा मिळावा, ही विनंती.'"

घड्याळताईने काडी उलटसुलट करून तपासली, खुणा बोटाने मोजल्या आणि मान डोलावली. मोठ्या बाईंनी कोरा लिफाफा घेतला, जावक रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून अडल्या.

"आता इथे काय लिहू मी? तीस वर्षांत असलं काही पाठवलं नाही हो."

"आहे तेच लिहा," बाई नाक पुसत म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'तारा, नग एक.' घड्याळताई टाचा उंचावून वाचत होती. तिने तळहात पुढे केला, तसा मोठ्या बाईंनी निमूटपणे पुन्हा पेन उघडला आणि 'तारा'च्या अलीकडे बारीक अक्षरांत भर घातली, 'सोनेरी.'