काळ्या पडद्याआडचा दात

"संगणकाच्या अंतरंगात शिरून गुन्हेगाराची कॉलर धरणारा या शहरातला एकमेव माणूस तुमच्यासमोर उभा आहे. इतरांना लिनक्स चालवावं लागतं. माझी चाहूल लागली की ते आपणहून कबुलीजबाब देतं."

हे वर्णन आमच्या भावोजींचं आहे आणि ते भावोजींनीच केलेलं आहे. दुसरं कुणी करेल म्हणून त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिली, मग नाइलाज झाला. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. एवढ्याच पात्रतेवर माझी सहायक म्हणून नेमणूक झाली. पिशवी धरायची, घरंगळलेले स्क्रू शोधायचे आणि घडेल ते वहीत टिपायचं, हे माझं काम.

त्या दिवशी सकाळी सव्वादहाला दातांच्या लॅबमधून बोलावणं आलं. लॅबच्या मालकीणबाईंना सगळे कवळीताई म्हणतात. त्या लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर, चालणाऱ्या संगणकात दाताचा आकार घडवतात, शेजारचं यंत्र तो कोरून काढतं आणि भट्टी तो भाजते. आदल्या दिवशी त्यांचं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, जळालं. त्यांनी स्वतःच नवं बसवलं. तेव्हापासून पडद्यावर विटांएवढी अक्षरं दिसत होती आणि दात घडवणारा प्रोग्राम उघडायलाच तयार नव्हता.

कोपऱ्यातल्या स्टुलावर एक गृहस्थ तोंडावर रुमाल धरून बसले होते. टीव्हीवर रोज संध्याकाळी सात वाजताच्या बातम्या देणारे म्हणून त्यांना सातवाले म्हणतात. काल पेनाचं टोपण चावताना त्यांचा समोरचा दात तुटला होता.

"डॉक्टर पाचला दवाखाना बंद करतात," कवळीताई म्हणाल्या. "कोरायला आणि भाजायला मिळून सव्वा तास. तीनच्या आत आकार तयार झाला नाही, तर आज दात नाही."

"आणि मग?" भावोजींनी विचारलं.

सातवाल्यांनी रुमाल खाली घेतला. "मग आज माझ्या खुर्चीत हवामानवाला बसेल." बोलताना प्रत्येक स शिट्टी मारत बाहेर पडत होता. "अकरा वर्षं टपून बसलाय तो. एकदा बसला की उठायचा नाही."

"काळजी नसावी," भावोजी म्हणाले. "मेव्हण्या, पिठी आण."

पिठी म्हणजे दातांचे साचे ओततात ती पांढरी पावडर. भावोजींनी ती नव्या कार्डावर भुरभुरली आणि भिंग लावलं. दहा मिनिटांत त्यांना तेरा स्पष्ट ठसे सापडले. तेराही त्यांचेच होते.

"गुन्हेगार हातमोजे घालून आला होता," ते म्हणाले.

"मीच घातले होते," कवळीताई म्हणाल्या. "मी कायम घालते."

भावोजींनी तो मुद्दा मोठ्या मनाने सोडून दिला आणि मॉनिटरच्या केबलकडे वळले. केबलवर दातांच्या खुणा होत्या. त्यांचे डोळे चमकले. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले होते. भावोजींनी त्यातले एकेचाळीस जबडे एक एक करून केबलला चावायला लावले. साडेअकरापर्यंत संशय एका निवृत्त मुख्याध्यापकांवर येऊन थांबला.

"हातात स्क्रू ड्रायव्हर असला की मी केबल दातात धरते," कवळीताई मशीनमधली पिठी ब्रशने झटकत म्हणाल्या. "त्या खुणा माझ्या आहेत."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही जबड्यांशी बोलत होतात."

बाराच्या सुमारास भावोजींनी ड्रायव्हरवर नजर वळवली. ड्रायव्हर म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्राम. तो लिनक्समध्ये आधीपासून होता आणि या कार्डाला चालणाराही होता. पण इतका सोपा ड्रायव्हर भावोजींना संशयास्पद वाटला. त्यांनी कुठल्याशा साइटवरून दुसराच उतरवला. तो दुसऱ्या जातीच्या लिनक्ससाठी होता, वर तीन वर्षं जुना. मी तसं म्हटलं.

"मेव्हण्या, तू टिपून घे. विचार मी करतो."

एक वाजून दहा मिनिटांनी विटांएवढी अक्षरंही गेली. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळींचा लोंढा येई आणि तिथेच अडे.

"प्रगती आहे," भावोजी म्हणाले.

"आधी निदान माउस दिसत होता," कवळीताई म्हणाल्या.

"ताई, गुन्हेगार घाबरून दडलाय. शेजारच्या गल्लीतल्या लॅबशी तुमचं वैर आहे का?"

"ती माझ्या थोरल्या जावेची आहे."

"म्हणजे आहे!"

दोन वाजले. सातवाले घड्याळ बघून स्टुलावरून उठले, येरझाऱ्या घालायला लागले आणि पडद्यासमोर थबकले. समोर मजकूर असला की तो मोठ्यानं वाचायचा, ही त्यांची एकवीस वर्षांची सवय. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि शिट्ट्यांसकट, स्वल्पविरामांसकट, वरून एकेक ओळ वाचायला घेतली.

"अहो, ते वाचायचं नसतं," भावोजी म्हणाले. "मशीन उठताना बडबडतं. मी कधीच वाचत नाही."

सातवाले थांबले नाहीत. बाविसाव्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला, दुःखद बातमीला येतो तसा. "ग्राफिक्स कार्डाची फर्मवेअरची फाइल सापडली नाही. कार्ड सुरू करता आलं नाही." ते मागे वळले. "हेच विचारत होतात ना सकाळपासून?"

भावोजींनी भिंग खिशात ठेवलं.

फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत जाऊन त्याला जागं करणारी छोटीशी फाइल. जुन्या कार्डाला ती लागत नव्हती, नव्याला लागते. लिनक्ससोबत ती आपोआप येते. मी भावोजींचा ड्रायव्हर काढून टाकला, फर्मवेअरचं पॅकेज बसवायला घेतलं आणि जाता जाता जुन्या नोंदी पाहिल्या. ते पॅकेज आधी मशीनवर होतं. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी मुद्दाम काढलं होतं.

"घातपात!" भावोजी ओरडले. "तारीख सांग!"

मी सांगितली. त्या तारखेला या मशीनवर लिनक्स बसवायला भावोजी आले होते. पिशवी मीच धरली होती.

"त्या फाइलींच्या आत काय लिहिलंय ते कंपनी दाखवत नाही," भावोजी म्हणाले. "जे दिसत नाही ते मी मशीनवर ठेवत नाही. तो तत्त्वाचा प्रश्न होता."

"तत्त्व राहू दे," सातवाले म्हणाले. "दात बघा."

मशीन पुन्हा सुरू केलं. अक्षरं बारीक झाली, प्रोग्राम उघडला आणि पडद्यावर सातवाल्यांचा वरचा जबडा गोल गोल फिरू लागला. दोन पन्नासला आकार तयार झाला. पाचला पाच मिनिटं असताना डॉक्टरांनी दात बसवला.

सात वाजता आम्ही लॅबमध्येच टीव्ही लावला. खुर्चीत सातवाले होते. त्यांनी नमस्कार केला आणि शिट्टी वाजली नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाची बातमी दिली, संसदेच्या सत्राची दिली, आणि शेवटी गोड हसून हवामानवाल्याकडे वळले. हवामानवाला हसला नाही.

"बघा," भावोजी हाताची घडी घालून म्हणाले. "प्रत्येक स कसा स्वच्छ. आजचं हे यश..."

"दात मी केला," कवळीताई म्हणाल्या. "ओळ त्यांनी वाचली. फाइल तुमच्या मेव्हण्यानं बसवली. यात तुमचं काय होतं?"

"गुन्हा," मी म्हणालो.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या वहीकडे.

"हे त्यात लिहू नकोस."

"शाईनं लिहिलंय," मी म्हणालो.