पेनड्राइव्हमधली माणसं

कार्यक्रमाची सुपारी घेताना मनोहरभाऊ आधी चहाचं ठरवतात. "स्टेजवर पाच चहा पाह्यजेन बरं का. आमी पाच जन हावो." आयोजक मान डोलावतो. मग कार्यक्रमाच्या दिवशी मोटारसायकलवरून आम्ही दोघंच उतरतो आणि तो आमच्या मागे रस्त्यावर पाहत राहतो.

"बाकीचे तिघं?"

"आले ना." मनोहरभाऊ खिशावर थाप मारतात. "पेनड्राइव्हमंदी हायेत."

पाच चहा येतात. एक मी घेतो. उरलेले चार थंड होऊ नयेत म्हणून मनोहरभाऊ एकामागून एक पिऊन टाकतात आणि प्रत्येक घोटाआधी ज्याचा चहा त्याचं नाव घेतात.

राळेगावात त्यांचं शिलाईचं दुकान आहे. दिवसभर ब्लाउज आणि पँट, संध्याकाळी भीमगीतं. शेजारीच माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मला लॅपटॉप चालवता येतो, एवढ्या एकाच गुणावर मी कलावंत झालो. माझं काम बटण दाबायचं. तरी स्टेजवर ते माझी ओळख "अन् मशीनवर आमचे संजूभाऊ!" अशी दणक्यात करून देतात. मग रिकाम्या गादीकडे हात करून, "हार्मोनियमवर विठ्ठलराव, बेंजोवर किसनभाऊ, ढोलकीवर शब्बीरभाई!" लोक गादीकडे पाहतात, मग एकमेकांकडे. टाळ्या मात्र वाजवतात.

ही माणसं खरी आहेत. पंधरा-वीस वर्षं यांची पार्टी गावोगाव फिरली. विठ्ठलराव पुण्याला मुलाकडे जायला निघाले, किसनभाऊंचे गुडघे गेले, तेव्हा मनोहरभाऊंनी सगळ्यांना यवतमाळला नेऊन प्रत्येकाचं वाजवणं वेगवेगळं रेकॉर्ड करून घेतलं. पुढे शब्बीरभाईंना लकवा मारला. उजवा हात गेला, त्यांनी आपलं गॅरेज बंद केलं आणि घराबाहेर पडणंही सोडलं.

मला राहून राहून नवल वाटायचं. एकदा विचारलंच, "भाऊ, तयार ट्रॅक फुकट भेटते. एकदम चकाचक. आपला हा जुना कायले?"

"त्या ट्रॅकमंदी वाजवनारे आपल्या वळखीचे हायेत काय?"

"वळख कायले पाह्यजे?"

"अनवळखी मानसासंग गाऊ कसा बाप्पा?"

आमच्या ट्रॅकमध्ये शब्बीरभाईंचा खोकलाही आहे. दुसऱ्या गाण्यात, कडवं संपता संपता. मी म्हटलं, काढून टाकतो. मनोहरभाऊ अंगावर आले. खोकला आला की ते दरवेळी गाता गाता गादीकडे रागानं पाहतात. शिवाय काही ठिकाणी त्यांनी टाळ्यांसाठी ट्रॅकमध्ये मोकळी जागा सोडून घेतली आहे. टाळ्या आल्या तर उत्तम. नाही आल्या तर ट्रॅक पुन्हा सुरू होईपर्यंत ते हात जोडून, डोळे मिटून उभे. लोकांना वाटतं, भाऊ ध्यानात गेले.

एकदा राळेगावातच, विहाराच्या पटांगणात आमचा कार्यक्रम होता. दिवेलागणीची वेळ. तिसरं गाणं रंगात आलं होतं आणि शब्बीरभाईंची मुलगी नजमा धावत स्टेजच्या बाजूला आली. त्यांचं घर मागच्याच गल्लीत.

"काका, अब्बा म्हनतेत, थे ढोलकी बंद करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. शब्बीरभाई बाजेवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"मनोहर," ते म्हणाले, "थो शब्बीर तिथं वाजवून राह्यला अन् हा इथं बसून हाये. मले बरदाश्त नाही होत."

बोलण्यात कुणाला हार न जाणारे मनोहरभाऊ चहा न घेताच उठले. रस्त्यावर येऊन म्हणाले, "संजू, ढोलकी काढून टाक."

"दुसरी टाकू?"

"नाही. जागा तशीच ठेव."

पुढचा कार्यक्रम ढाणकीला. हार्मोनियम होती, बेंजो होता, पण बसलेल्यांत एकाचाही पाय हलत नव्हता. कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, ढोलकी कुठी गेली?"

"वाजवनारा बिमार हाये," मनोहरभाऊ माइकवरून म्हणाले. "बरा झाला का येईन."

लोक हसले. अर्धे उठून गेले. सुपाऱ्या कमी झाल्या. एका आयोजकानं सरळ सांगितलं, दुसरा ढोलकीवाला आणा, पोरं लय हायेत. मनोहरभाऊ म्हणाले, "आमच्या पार्टीत ढोलकीवाला हाये." असं किती दिवस चालणार, मला कळत नव्हतं.

हे सगळं नजमाच्या कानावर गेलं असावं आणि तिनं घरी सांगितलं असावं. कारण विहारात पुन्हा कार्यक्रम होता त्या संध्याकाळी ती बापाला हात धरून घेऊन आली. तिच्या खांद्यावर ढोलकी. शब्बीरभाई थेट गादीवर बसले. ढोलकी मांडीशी ओढली. डावा हात ठेवला.

मी बटण दाबलं. हार्मोनियम, बेंजो भराभर पुढे निघाले. शब्बीरभाईंचा डावा हात घुमत होता, पण मागे, फार मागे. दोन ओळींत त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात उचलून घेतला.

मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी सगळंच बंद केलं.

मग ते नुसत्या गळ्यानं गाऊ लागले. नजर त्या डाव्या हातावर. हात पडला की शब्द सोडायचा. हात अडला की अक्षर लांबवत, मानेच्या शिरा फुगवत थांबायचं. दोनदा दम संपून आवाज फाटला, तरी ते हाताच्या पुढे गेले नाहीत. पटांगणात कुणी हसलं नाही. बायांनी त्याच संथ ठेक्यावर टाळ्या धरल्या. गाणं कितीतरी वेळ चाललं.

संपल्यावर शब्बीरभाईंनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं घाम पुसला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मनोहर, दुसऱ्या कडव्याले तू लय जल्दी केली बे."

मनोहरभाऊंनी माइक बाजूला धरला.

"हो शब्बीरभाई," ते म्हणाले, "चुकलं माह्यं. पुढचं हळू घेतो."